देशी परसबाग संच: आषाढ-श्रावणात ताटात भाजी पोचवणारं बियाणं

निकाल आधीच सांगते: हा संच घ्या. पाड्यावर, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात काही कुटुंबांनी मिळून परसबाग करायचं मनात असेल, तर दुकानातली चकचकीत पाकिटं बाजूला ठेवा आणि आपल्या भागातल्या एखाद्या बियाणे बँकेकडून देशी बियाण्यांचा संच मागवा. मी जव्हार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा आणि अंगणवाडी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आम्ही सामाईक परसबाग केली आहे. तिच्यात तीन प्रकारचं बियाणं वापरून झालं: योजनेतून फुकट आलेलं, दुकानातून आणलेलं संकरित आणि एका महिला बचत गटाने बांधून दिलेला हा देशी संच. तिन्ही एकाच मातीत, एकाच पावसात, त्याच बायकांच्या हातून लागली, म्हणून तुलना करायचा अधिकार मला आहे असं मी समजते.

बियाण्याचा कस बहुतेक लोक उगवणीवर लावतात. उगवण हवीच. पण आमच्याकडे खरा प्रश्न असतो तो आषाढ-श्रावणात ताटात काय आलं हा. आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपते, मजुरी थांबते, मागच्या हंगामाचं भात आणि नाचणी कणगीच्या तळाला गेलेली असते. खावटी कर्ज, म्हणजे पावसाळ्यात आदिवासी कुटुंबांना खाण्यापुरतं मिळणारं कर्ज, हा शब्द ज्या महिन्यांमुळे जन्माला आला ते हेच महिने. रेशनचं धान्य मिळतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. त्याने पोट भरतं हे मी रोज बघते आणि त्याचं मोल जाणते. पण रेशनच्या पोत्यात हिरवं काही नसतं. भात आणि मिठाचं पाणी, नाहीतर भात आणि सुक्या मासळीचा तुकडा, एवढ्यावर मुलं शाळेत येतात. रानभाज्या असतात, शेवळं, लोत, टाकळा, कुर्डू, पण त्यांचा काळ थोडा. रान लांब गेलंय, आणि ओली बाळंतीण काही लोतीच्या मागे डोंगर चढू शकत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची निघाली. १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. हे अख्ख्या राज्याचे आकडे आहेत. जव्हारमध्ये १९९२-९३ साली वावर-वांगणी या गावांत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, पण त्या वर्षाची आठवण इथल्या प्रत्येक आजीला आहे. परसबागेकडे मी त्या नजरेने बघते. शाळेची शोभा वाढवायला ती केलेली नाही.

आता संच. कापडी पिशवी, आत वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर पेनाने भाजीचं नाव. दुधी, दोडका, घोसाळी, कारली, काकडी, लाल भोपळा, भेंडी, वांगी, चवळी, दोन तऱ्हेचे वाल, लाल माठ, राजगिरा, अंबाडी, मुळा, शेवगा, शिवाय गवार, मेथी आणि धणे. किंमत दोनशे रुपयांच्या आत. एका सामाईक बागेला पुरून प्रत्येक घराच्या मागे एखाददुसरा वेल लावता येईल इतकं बी निघतं. वाल आणि चवळीच्या पुड्या उघडल्या की बोटांना राख लागते. भुंगा लागू नये म्हणून कडधान्याच्या बियांना राख चोळून ठेवायची रीत जुनी आहे, आणि गटातल्या बायकांनी ती सोडलेली नाही याचा मला फार आनंद झाला. एकही दाणा पोखरलेला नव्हता.

पेरायच्या आधी मुलांना घेऊन चाचणी केली. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर प्रत्येक जातीचे दहा-दहा दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. कायद्याने विकायच्या भेंडीच्या बियाण्याची उगवण किमान ६५ टक्के आणि दुधीची ६० टक्के असावी लागते. आमच्या गोणपाटावर देशी भेंडी आणि दुधी दोन्ही त्याहून वर गेली, चवळी तर जवळजवळ सगळी. वांगं थोडं मंद निघालं. कारल्याच्या बियांचं कवच जाड असतं, त्यांचं टोक दगडावर हलकेच घासून रात्रभर भिजत घातल्या तेव्हा त्या फुटल्या. ही सूचना पुडीवर असायला हवी होती.

फुकट आलेल्या पाकिटांची गोष्ट वेगळी. ती आमच्या हातात पडली तेव्हा श्रावण लागला होता. मृगात जे पेरायचं ते श्रावणात कुठे पेरणार? पाकिटावरची तारीख वाचली तर मुदतही संपलेली. बियाण्याच्या लेबलावर चाचणीची तारीख असते आणि तिथून साधारण नऊ महिने ते ग्राह्य धरतात. पाकीट घेताना छापलेल्या टोमॅटोच्या चित्राआधी ही तारीख बघायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. भेंडी कशीबशी चतकोर उगवली. ज्यांनी पाठवलं त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण बियाण्याला वेळेवर पोचणं हा अर्धा गुण असतो, आणि पाड्यावरच्या बायकांनी एकदा राबून वाफे केले आणि काही उगवलं नाही की पुढच्या वर्षी त्यांना परत बोलावणं फार जड जातं.

दुकानातल्या संकरित बियाण्याबद्दल खोटं बोलणार नाही. ते जोमाने उगवलं, भेंडी एकसारखी लागली, दोडके लांबसडक आले. ज्याला बाजारात विकायचं आहे त्याच्यासाठी ते योग्य. आमच्यासाठी दोन अडचणी. एक म्हणजे बियांना लावलेलं औषध. गुलाबी-हिरव्या रंगात माखलेलं बी, पाकिटावर विषाची खूण, आणि आमच्या बागेत पेरणी करणारे हात पहिली ते पाचवीच्या मुलांचे. ती पाकिटं मी मुलांच्या हाती दिलीच नाहीत, त्यामुळे मुलांचा निम्मा उत्साह तिथेच गेला. दुसरी अडचण मोठी: संकरित फळातलं बी ठेवून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच फळ येईल याची खात्री नसते. म्हणजे दर जूनला कोणीतरी जव्हारला जायचं, पैसे काढायचे, पाकिटं आणायची. आवणीच्या तोंडावर, हातात पैसा नसताना. परसबागा मोडतात त्या बहुतेक अशाच, दुसऱ्या वर्षी बी आणायला कोणी गेलं नाही म्हणून.

देशी संचाचं खरं बळ इथे आहे. आमच्या पाड्यावरच्या एका आजीने दुधीचा एक वेल बीसाठी राखला. वेलाच्या मधल्या भागातलं, सरळ वाढलेलं एकच फळ निवडलं, त्याला लाल चिंधी बांधली म्हणजे कोणी तोडू नये. वेल वाळेपर्यंत ते तसंच राहू दिलं. साल पिवळट होऊन कडक झाली, बोटाने वाजवली की टणटण आवाज यायला लागला, तेव्हा देठासकट कापून चुलीच्या वर वाशाला टांगलं. धुराने कीड लागत नाही. वैशाखात खाली काढलं, हलवलं तर आतलं बी खुळखुळत होतं. कोयत्याने टोक उडवून सुपात ओतलं, आणि पाड्यावरच्या प्रत्येक घराला मूठ-मूठ वाटूनही उरलं. मुलं भोवती बसून बघत होती. मी विज्ञानाच्या तासाला बीज आणि अंकुर शिकवताना जे फळ्यावर काढते, ते त्यांनी त्या सुपात पाहिलं.

बी राखायचं तर एक काळजी घ्यावी लागते, आणि ती संचासोबतच्या चिठ्ठीत नाही म्हणून इथे लिहिते. वाल आणि चवळीची फुलं बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे त्यांचं बी शुद्ध राहतं. दुधी, दोडका, भोपळा, काकडी यांचं तसं नाही. कीटक एका वेलावरून दुसऱ्यावर जातात आणि शेजारी संकरित दोडका असेल तर आपल्या बियात भेसळ झालीच म्हणून समजा. म्हणून बागेत एका भाजीची एकच जात लावावी. तेही शक्य नसेल तर मादी कळी उमलायच्या आदल्या वेळी कागदाच्या पिशवीने बांधून, त्याच जातीच्या नर फुलाने हाताने पराग लावायचा. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. पाचवीच्या मुली हे काम इतक्या हळुवार हातांनी करतात की मला त्यात बोट घालावं लागत नाही.

पावसाबद्दल सांगितल्याशिवाय आमच्या भागाचा अभिप्राय पुरा होत नाही. जव्हारचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. माठाचं आणि राजगिऱ्याचं बी बारीक, ते सपाट जमिनीत पेरलं तर पहिल्याच सरीत ओहोळाला लागतं. आम्ही हातभर उंच गादीवाफे केले, बी कोरड्या मातीत मिसळून टाकलं आणि वर भाताच्या पेंढ्याचा पातळ थर दिला. वेलांची आळी रोहिणीतच खणून शेणखताने भरून ठेवली आणि मृगाचा पहिला पाऊस पडताच बी टोकलं. मांडव बांबूचा. या रीतीने लावल्यावर महिन्याच्या आत माठ, मुळ्याचा पाला आणि चवळीची कोवळी पानं खुडायला आली, म्हणजे बरोबर आषाढात. त्यामागून काकडी आणि भेंडी, मग दोडका, दुधी, घोसाळी. अंबाडी तर कशालाच दाद देत नाही, पाऊस कितीही झोडपो. नाचणीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मुलं मागून खातात.

गवार, मेथी आणि कोथिंबीर मात्र आमच्याकडे पावसाळ्यात वाया जातात. मुळं कुजतात. देशावरच्या कोरड्या भागातून बांधलेल्या संचात त्या असतात हे समजण्यासारखं आहे, पण कोकणपट्टीत आणि सह्याद्रीच्या उतारावर विकायचा संच वेगळा बांधायला हवा. त्यांच्या जागी आणखी एक पालेभाजी किंवा मिरची द्यावी. मिरची नसणं ही या संचातली मोठी उणीव आहे. आमच्याकडे कालवण नसलं तरी मिरचीचा ठेचा लागतोच. मिरचीसाठी आणि पावसाला टिकणाऱ्या वाणांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आणि आपल्या जिल्ह्यातल्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राकडे विचारावं. विद्यापीठाचे वाल, चवळी, दोडका यांचे खास कोकणासाठी निवडलेले वाण आहेत, आणि ते सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण असल्यामुळे त्यांचंही बी घरी राखता येतं.

दुसरी उणीव पुड्यांची. नाव फक्त अक्षरात. आमच्या गटातल्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही. बी पाहून त्या ओळखतात हे खरं, पण दुधी आणि दोडक्यापलीकडे दोन वालांमधला फरक, किंवा माठ कोणता आणि राजगिरा कोणता, हे बारीक बियांवरून त्यांनाही सांगता येत नाही. पुडीवर भाजीचं चित्र आणि नक्षत्राचं नाव एवढं असलं तरी पुरे. बी कोणत्या वर्षाचं हेही लिहावं. मी गटाच्या ताईंना हे कळवलं, त्यांनी मनावर घेतलं आहे.

वालाबद्दल सविस्तर लिहिते, कारण संचातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि अनेक जण निराश होऊन तोच उपटून टाकतात. देशी वाल पावसाळाभर नुसता पसरतो. पानंच पानं, फूल नाही. दिवस लहान व्हायला लागले की तो फुलतो, शेंगा धरतात त्या दिवाळीनंतर. आणि दिवाळीनंतर आमचा पाडा रिकामा होतो. माणसं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं घेऊन. मग शेंगा कोणासाठी? पाड्यावर म्हातारी माणसं राहतात, काही मुलं आम्ही आजी-आजोबांकडे थांबवून घेतो, त्यांच्यासाठी ओल्या शेंगा. बाकीच्या वेलावरच वाळू द्यायच्या, सोलायच्या, राखेत घालून ठेवायच्या. होळीनंतर आणि पुढे मे महिन्यात माणसं परत येतात, तेव्हा विहिरी आटलेल्या असतात, बागेत शेवग्याशिवाय हिरवं काही नसतं. त्या वेळी डब्यात वाल असतात. आमच्या बागेतला वाल उन्हाळ्याचं कालवण आहे, आणि हे ज्याने बाग आखताना ध्यानात घेतलं नाही त्याची बाग पावसाळ्यापुरतीच राहते.

उन्हाळ्यासाठी आणखी दोन गोष्टी संचाबाहेरच्या. हातपंपाच्या सांडपाण्यावर अळू, आणि शाळेच्या हात धुण्याच्या जागी शोषखड्ड्याकाठी पपई आणि केळ. शेवग्याचं बी संचात आहे, पण त्याची फांदी लावली तर लवकर धरते. शेवग्याचा पाला वाळवून ठेवता येतो, तो अंगणवाडीच्या डाळीत घालतो.

मांडणीसाठी आम्ही उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पोषण परसबागेचा गोल नमुना घेतला. मधे शेणखताचा खड्डा, भोवती आठवड्याच्या वारांप्रमाणे सात वाफे, कडेने वेलांचा मांडव. कल्पना चांगली आहे, बायकांना आज कोणता वाफा खुडायचा हे विचारावं लागत नाही. पण उतारावरच्या जमिनीत गोल वाफे टिकत नाहीत, पाणी हवं तिथून वाट काढतं. आम्ही दुसऱ्या पावसाआधी वाफे उताराला आडवे केले आणि सात वारांची वाटणी तशीच ठेवली.

वाटपाचा नियम बियाण्याइतकाच महत्त्वाचा ठरला. पहिला वाटा अंगणवाडीला, कारण अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना जे एक वेळचं जेवण मिळतं ते तिथे शिजतं. मग ज्या घरात दोन वर्षांखालचं मूल आहे ते घर. मग शाळेचं पोषण आहाराचं पातेलं. राहिलं ते राबणाऱ्या सगळ्या घरांत सारखं. भाजी भरपूर आली तेव्हा काहींनी जव्हारच्या बाजारात न्यायचं काढलं. मी विरोध केला आणि आजही करीन. दसऱ्याआधी बागेतलं एक पानही विकायचं नाही यावर आम्ही ठाम आहोत. चार पैसे मिळतात ते कळतं, पण ज्या महिन्यात विकायला भाजी जास्त असते त्याच महिन्यात घरातलं तान्हं आजारी असतं.

खर्चाचं म्हणाल तर बियाणं सगळ्यांत स्वस्त. जास्त जीव खातं ते कुंपण. शेळ्या आणि कोंबड्या एका दुपारी सगळा माठ संपवतात. हिरवी जाळी पहिल्या वादळात फाटली, तिच्यावर पैसे घालू नका. बांबूच्या कामट्या आणि मधे निरगुडी, मोगली एरंड यांच्या फांद्या रोवल्या, त्या पावसात धरल्या आणि आता जिवंत कुंपण झालं आहे. निरगुडीला शेळी तोंड लावत नाही.

असे संच मिळतात कारण कोणीतरी हे वाण सांभाळले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घराघरातून देशी बी गोळा करून, बायफ संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मी ती बातमी वर्गात वाचून दाखवली होती. आमच्या मुलांच्या आयासुद्धा महादेव कोळी, कोकणा, वारली आहेत, त्यांच्या चुलीवरच्या वाशालाही दुधी टांगलेला असतो. त्या कामाला सन्मान मिळतो हे मुलांना कळायला हवं होतं. आणि शेतकऱ्याने बी राखणं, एकमेकांना देणं, छापील नाममुद्रेशिवाय विकणं हा २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे, तेव्हा बचत गटाकडून घ्यायला कोणी कचरू नये.

मागवायचं असेल तर चैत्रातच सांगून ठेवा. वैशाखात गटाकडच्या वालाच्या आणि अंबाडीच्या पुड्या संपतात. पहिल्या वर्षी सामाईक बागेसाठी दोन संच घ्या, गवार-मेथीच्या पुड्या कोरड्या भागातल्या ओळखीच्या कोणाला द्या, मिरचीचं बी वेगळं आणा. पुढच्या वर्षी दुधी, भोपळा, चवळी, वाल, अंबाडी तुमचीच असेल. माठ आणि मुळ्याचं बी मात्र पहिली दोन वर्षं गटाकडूनच घेत राहा, कारण मुळा बीसाठी राखायचा तर त्याला हिवाळाभर पाणी लागतं आणि आमच्यासारख्या पाड्यावर ते परवडत नाही.